मेथीच्या वासाची वाइन आणि युरोपातले बाकीचे बिघाड

दीडशहाणी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४२

सप्टेंबरचा पहिला रविवार. बाझलहून सकाळी निघून आम्ही आर्ब्वाला पोचलो तर रस्ता बंद, गावात मिरवणूक. बागायतदारांच्या खांद्यावर दांडा आणि त्याला टांगलेला द्राक्षांचा एकच प्रचंड घड. असा घड वेलीला लागत नाही, गावातल्या बागांमधले कितीतरी घड एकत्र बांधून तो करतात. नाव ‘ब्यू’. वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन टांगतात आणि मग तो तिथेच वाळत राहतो. आमच्या ह्यांनी सवयीने चपला काढून हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या फ्रेंच आजींना ते फार आवडलं.

आर्ब्वा फ्रान्सच्या पूर्व कडेला, ज्युरा डोंगरांच्या पायथ्याशी आहे. (डायनासोरवाला ‘ज्युरासिक’ काळ तो याच डोंगरांच्या नावावरून.) एकीकडे बर्गंडी, दुसरीकडे स्वित्झर्लंड आणि मध्ये हा चिंचोळा पट्टा. दुपारी एका छोट्या तळघरात चव घ्यायला बसलो. आधी लाल आली, ठीक होती. मग एक पांढरी. मग मालकाने फडताळातून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाटली काढली, अगदी पळीभर ओतली आणि म्हणाला, घाई करू नका. रंग जुन्या पितळेचा. पेला नाकाजवळ नेला आणि मी खरोखर मागे वळून पाहिलं. मेथीच्या लाडवांचा डबा कोणी उघडला? अक्रोड होते, करपायच्या बेतातली साखर होती आणि त्यांच्या मागून कढईत परतलेली मेथी. गोड असणार म्हणून घोट घेतला तर ठणठणीत कोरडी, जवळजवळ खारट. तोंडातून चव जाता जाईना.

ही ‘व्हँ जोन’, शब्दशः पिवळी वाइन. द्राक्ष साव्हान्यँ. पिंपात मुरताना वाइन थोडी थोडी उडून जाते आणि वर पोकळी राहते. कुठलाही शहाणा माणूस ती पोकळी वरचेवर भरून काढतो, कारण हवा लागली की वाइन गेली. शेजारी बर्गंडीत तेच करतात. इथे मात्र पिंप मुद्दाम उणं ठेवतात. मग वाइनवर यीस्टची पातळ साय धरते. आपल्याकडे लोणच्यावर अशी साय दिसली तर बरणी थेट मोरीत. हे लोक तिला धक्का लागू देत नाहीत. तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत वाइन पिंपात, त्यातले किमान ६० महिने सायीखाली. एका लिटरचे शेवटी ६२ सेंटिलिटर उरतात म्हणे, म्हणून ती बुटकी बाटलीही ६२ सेंटिलिटरचीच. तिचं नाव क्लाव्हलँ. उडून गेलेले ३८ देवदूतांच्या वाट्याचे, असं तिकडे म्हणतात. नैवेद्य जरा जास्तच आहे.

घरी येऊन शोधलं तर मेथी हा माझा भास नव्हताच. मेथीदाण्याला ज्याच्यामुळे तो वास येतो ते सोटोलोन नावाचं रसायन या वाइनमध्ये वर्षानुवर्षं सायीखाली तयार होत असतं. हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे. युरोपातल्या ज्या वाइन दुसऱ्या कशासारख्याच लागत नाहीत, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं निघतं. हवा लागली, बुरशी आली, उन्हाने तापली, थंडीने गोठली, तोडणीला उशीर झाला. आणि कोणीतरी फेकून देण्याआधी बोट बुडवून चाखून बघितलं. तुमच्या माहितीतले असे बिघाड इथे लिहा. ‘मखमली टॅनिन’ छापाची भाषा नको, ती बाटलीच्या पाठीवर वाचायला मिळते.

शंकासुर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

म्हणजे आंबलेला माल ‘परंपरा’ म्हणून खपवला. आमच्याकडे परवापासून अर्धी बाटली उघडी पडलीये. सहा वर्षं ठेवू?

दीडशहाणी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३१

ठेवा की. आठवडाभरात व्हिनेगरच्या वाटेला लागेल, कोशिंबिरीत घाला. :) सगळा खेळ सायीचा आहे. ती हवा आणि वाइनच्या मध्ये बसते, हवा बेताने आत जाते. साय नीट धरली नाही तर तिथेही पिंप हातचं जातंच. आणि खपवायचंच असतं तर शातो-शालोंवाल्यांनी १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ साली वाइन केली असती. व्हँ जोनसाठी सगळ्यात नावाजलेलं गाव ते, पण त्या चार वर्षी द्राक्षं मनासारखी नव्हती म्हणून गावाच्या नावाने एकही बाटली काढली नाही.

विदा_हवा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

लेख आवडला. थोडी भर. आर्ब्वा हे लुई पाश्चरचं गाव. जन्म दोलचा (१८२२), पण वाढला आर्ब्वात, आणि पुढे तिथे स्वतःची द्राक्षबागही घेतली. १८६३ मध्ये नेपोलियन तिसऱ्याने त्याला वाइन का नासते याचा छडा लावायला सांगितलं, तेव्हा त्याने बरंचसं काम याच भागातल्या वाइनवर केलं. वाइन बेताची गरम केली की नासवणारे जंतू मरतात हे त्यातून निघालं. आपण रोज सकाळी दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ वाचतो ती युक्ती आधी वाइनसाठी होती.

टिकण्याबद्दल म्हणाल तर १७७४ सालच्या व्हँ जोनची एक बाटली २०१८ च्या लिलावात १,०३,७०० युरोंना गेली. पानिपतानंतर तेरा वर्षांनी केलेली वाइन.

अवांतर: मेथी भरपूर खाल्ली की घामालाही तोच वास येतो. बाळंतिणीच्या खोलीचा वास आठवा. कारण हेच सोटोलोन.

मुरांबा | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

वाचतेय. बाळंतिणीच्या खोलीवरून वाइनवर येणारा पहिलाच धागा असावा.

खरडछाटणी | १७ नोव्हेंबर, दुपारी १:५०

ताई, मी निफाडकडचा. घरची बाग, बरीचशी खायच्या द्राक्षांची आणि दोन एकर शेनिन ब्लाँ वाइनरीला करारावर. ही शेनिन मूळची फ्रान्सच्या ल्वार नदीकाठची, आता आमच्याकडे घरची झालीये.

बिघाडाचं म्हणाल तर आमचा सगळा जन्म बिघाड टाळण्यात जातो. आत्ता ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात आहेत, ढग आले की पोटात गोळा. डाऊनी, भुरी, करपा, सगळे वेलीचे रोग. आणि यातले पहिले दोघं युरोपला आपल्याआधी भेटलेले. डाऊनी अमेरिकेतून फ्रान्सला गेली ती १८७० च्या दशकात, बागाच्या बागा पानं गाळून बसल्या. बोर्दोकडचे काही बागायतदार रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून फासायचे, का तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत. निळीहिरवी विषारी दिसली की कोण हात लावतो. मिलार्दे नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक तिथून जात होते, त्यांच्या लक्षात आलं की फक्त त्याच ओळींची पानं हिरवी आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती छापली. तेच आपलं बोर्डो मिश्रण. अजून आमच्या कोठीत मोरचुदाची पिशवी असते. चोरासाठी काढलेलं औषध रोगावर चाललं, हा तुमच्या यादीत बसतो का बघा.

आता प्रश्न. तिकडे बुरशी आली तरी वाइन करतात म्हणता. आमच्याकडे अवकाळी झाला की मणी तडकतात, कुजतात, आंबूस वास सुटतो. वाइनरीचा माणूस गाडी बघूनच परत पाठवतो. मग त्यांची बुरशी निराळी की कसं?

गोधडी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१२

खरडछाटणीदादा, यावर मी बोलू शकते. चार वर्षं बुडापेस्टमध्ये आहे आणि दर ऑक्टोबरात टोकायला जाते.

बुरशी तीच, बोट्रायटिस. फरक हवेचा. ईशान्य हंगेरीत बोद्रोग नदी टिसाला मिळते, तिथे शरदात सकाळी नदीवरून दाट धुकं चढतं. टेकडीवर उभं राहिलं की खालचं गाव दिसत नाही. धुक्याने बुरशी धरते. अकरा वाजता ऊन पडतं, वारा सुटतो आणि सगळं कोरडं होतं. बुरशी पिकलेल्या मण्याच्या सालीला बारीक बारीक भोकं पाडते, आतलं पाणी त्या वाटेने उडून जातं. साखर, आंबटपणा, वास मागे राहतात. पाऊस पडत राहिला तर तीच बुरशी सगळा घड सडवते, तुमच्यासारखाच. म्हणजे सकाळी ओल, दुपारी सुकं, असं आठवडेच्या आठवडे चाललं पाहिजे. दर वर्षी चालतच नाही.

मी एकदा तोडणीला हौसेने गेले होते. घड तोडायचा नसतो, मणी वेचायचे असतात. एकाच घडात चार मणी हिरवे तुकतुकीत, सहा जांभळट मऊ आणि दोन-तीन राखेत लोळवलेल्या मनुकेसारखे. ते दोन-तीनच घ्यायचे. तासाभरात माझ्या बादलीचा तळही झाकला नाही. शेजारच्या बाईंची अर्धी भरली होती, आणि त्या सगळा वेळ गप्पा मारत होत्या. तो मणी तोंडात टाकला तर दिसतो घाणेरडा, लागतो जर्दाळूच्या पाकासारखा.

असे मणी ‘ऑसू’. ते ताज्या रसात किंवा वाइनमध्ये भिजत घालतात आणि मग दाबतात. पूर्वी मोजमाप असं होतं की पाठीवरच्या लाकडी डालीने, म्हणजे पुत्तोनीने, १३६ लिटरच्या पिंपाला किती डाली ऑसू घातले. बाटलीवर ५ किंवा ६ पुत्तोनी लिहिलेलं असतं ते त्यावरून आलं. आता डाली कोणी मोजत नाही, साखर मोजतात, पण आकडा तोच ठेवलाय. द्राक्षं मुख्यतः फुर्मिंट आणि हार्शलेवेल्यू. फुर्मिंटला मुळात आंबटपणा जबरदस्त, म्हणून एवढी साखर असूनही वाइन चिकट लागत नाही. लिंबू न पिळलेलं सरबत आणि पिळलेलं, असा फरक.

ऑसू मणी साठवले की त्यांच्याच वजनाने तळाशी जो रस ठिबकतो तो वेगळा काढतात, एसेन्सिया. मधासारखा दाट, इतका गोड की यीस्टही त्यात दमतं. पेल्यात नाही, चमच्याने देतात. मला तो चमचा हातात घेतल्यावर पंचामृत आठवलं.

आणि तळघरं! भिंतींवर काळी मऊ बुरशी, मांजराच्या पाठीसारखी. वाइनच्या वाफेवर जगते. पुसायची नसते. मी एक नाणं दाबून बघितलं, भिंतीला चिकटून राहिलं.

सात्त्विक_संताप | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

संतांच्या भूमीतली माणसं परदेशी जाऊन कुजक्या द्राक्षांची दारू चमच्याने पितात आणि वर पंचामृताची उपमा देतात. असल्या दारूचं उदात्तीकरण थांबवा.

दीडशहाणी | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

काका, गंमत सांगू? त्या बुरशीला फ्रेंच आणि जर्मन दोघंही खरंच ‘उदात्त कूज’ म्हणतात. उदात्तीकरण आधीच झालंय, आमचा हात नाही. बाकी ज्यांना प्यायची नाही त्यांनी जरूर पिऊ नये, वाचायला पैसे पडत नाहीत.

गोधडी, पंचामृत राहू दे गं, मला पटलं.

विदा_हवा | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

उदात्त कुजीवरून योहानिसबेर्गची गोष्ट सांगायला हवी. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी राइनगाउ भागात हा मठ-किल्ला. मालकी फुल्डाच्या राजबिशपांकडे. दर वर्षी द्राक्षं पिकली की नमुना घेऊन घोडेस्वार फुल्डाला जायचा, तिथून तोडणीची परवानगी आणायचा. १७७५ साली स्वार काही आठवडे उशिरा आला. का, याच्या चार गोष्टी आहेत: लुटारू, आजारपण, कोणी म्हणतं वाटेत प्रेमात पडला. तोवर घड सुरकुतून बुरशीला आलेले. नाइलाजाने तेच तोडले, आणि पुढच्या वसंतात तळघर उघडलं तर अशी वाइन कोणी चाखली नव्हती. ‘श्पेटलेझे’, म्हणजे उशिराची तोडणी, हा शब्द जर्मन बाटलीवर दिसतो तो तिथून रूढ झाला म्हणतात. त्या स्वाराचा पुतळा अंगणात उभा आहे. सरकारी परवानगीला उशीर झाला म्हणून पुतळा उभारल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पण शोधाचा मान जर्मनांचा नव्हे. टोकायच्या बागांची हद्द राजाज्ञेने १७३७ मध्येच आखली गेली होती, आणि ती या ऑसूच्याच जोरावर.

जर्मनांचा खरा स्वतःचा बिघाड म्हणजे आइसवाइन. बिंगेनजवळ ड्रोमर्सहाइम गावात १८२९ चं पीक इतकं रद्दड होतं की लोकांनी घड वेलीवरच सोडले. फेब्रुवारी १८३० मध्ये गुरांना घालायला म्हणून गोठलेले घड तोडले तर त्यातून पाकासारखा रस निघाला. पाण्याचा बर्फ होतो, साखरेचा होत नाही. गोठलेलेच घड दाबले की बर्फ मागे राहतो आणि आतला गोड अर्क बाहेर येतो. आज नियम असा की उणे ७ अंश किंवा त्याखालीच तोडायचे. पहाटे, अंधारात, हातमोजे घालून. २०१९ च्या पिकाला तो हिवाळा एवढा उबदार गेला की देशात एकाही भागात आइसवाइन झाली नाही. बिघाडावर जगणाऱ्यांचा बिघाडच बंद पडला.

नागपुरी_तडका | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

इथे बाझलमधल्या एका मित्राने फोटो पाठवला, पाटीवर ‘ऑरेंज वाइन’ लिहिलंय. आम्ही संत्र्याच्या गावचे, आम्हाला न सांगता वाइन काढली का बे?

दीडशहाणी | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४८

संत्रं औषधालाही नाही. पांढरी वाइन करताना हिरव्या द्राक्षांचा रस काढून सालं बाजूला करतात. ही करताना सालं, बिया सगळं रसातच ठेवून आंबवतात, कधी आठवडे, कधी महिने. सालींमुळे रंग केशरी आणि तोंडात चहासारखी कोरड. जुनं घर जॉर्जियातलं काखेती (जॉर्जिया युरोपात की आशियात हे भांडण दुसऱ्या धाग्यावर). तिथे मातीचे मोठे अंडाकृती रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले असतात, ‘क्वेव्री’. २०१३ मध्ये युनेस्कोने ती पद्धत वारसा म्हणून नोंदवली. इटलीत स्लोव्हेनियाच्या सीमेवर ओस्लाव्हिया गाव आहे. तिथल्या योश्को ग्राव्हनर यांनी नव्या यंत्रांनी आणि नव्या लाकडी पिंपांनी चांगलं नाव कमावलं होतं. ते सगळं मोडीत काढून त्यांनी जॉर्जियाहून क्वेव्री आणून पुरले, आणि रिबोल्ला जाल्ला हे गावचं द्राक्ष त्यात सालींसकट घातलं.

उन्हाळलेला | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सायीचा धागा आणि शेरी अजून आली नाही? मी सेव्हिलला दीड वर्ष होतो. हेरेथ तिथून गाडीने तासाभरावर. इंग्रजांना हेरेथ म्हणता येईना, त्यांनी शेरी केलं. (हेरेथचं जुनं अरबी नाव शेरिश, त्यामुळे इंग्रज तितकेसे चुकलेही नाहीत.)

दीडशहाणीताईंची साय तीच, तिथे तिला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. फरक एवढा की ज्युरात नैसर्गिक वाइनवर ती आपोआप धरते, इथे आधी द्राक्षाचं स्पिरिट घालून दारूचं प्रमाण १५ टक्क्यांवर आणतात. १५ ला फूल खुशीत वाढतं. १७ वर नेलं की मरतं, मग हवा सरळ वाइनला लागते आणि गडद तपकिरी ओलोरोसो होते. म्हणजे दोन टक्क्यांत जात बदलते. द्राक्ष तेच, पालोमिनो, जे नुसतं खाल्लं तर पाणीदार आणि बेचव.

सानलूकारला समुद्राकाठच्या गोदामात गेलो होतो. जमिनीवर वाळू, तिच्यावर पाणी शिंपडलेलं, आत वाळ्याच्या पडद्यासारखा गारवा. माणसाने लांब लवचीक काडीच्या टोकाला लावलेली चिमुकली चांदीची वाटी घेतली, वेनेंसिया तिचं नाव, आणि पिंपाच्या भोकातून सरळ खाली मारली. एका झटक्यात साय फोडून आत. हळू घातली तर साय वाटीत येते. मग डोक्याच्या वरून, कंबरेजवळ धरलेल्या पेल्यात बारीक धार. एक थेंब सांडला नाही. मी प्रयत्न केला, बुटात गेली.

सोलेराचं सांगायलाच हवं. पिंपांच्या रांगा एकावर एक. बाटलीत भरायची ती सगळ्यात जुन्या, खालच्या रांगेतून, तीही थोडीच. जेवढी काढली तेवढी वरच्या रांगेतून भरायची, तिची तिच्या वरच्यातून. खालचं पिंप कधीच रिकामं होत नाही. आपलं विरजण! कालच्या दह्यात परवाचं, परवाच्यात आजीचं. म्हणून खऱ्या सोलेरा शेरीवर साल नसतं. सांगणार कुठलं?

एक सूचना, स्वानुभवाने. फीनो, म्हणजे फुलाखाली मुरलेली फिकट शेरी, उघडली की दोन-चार दिवसांत संपवा, फ्रिजमध्ये ठेवा. पुण्यात एका महागड्या ठिकाणी मला कपाटावर महिनोन्महिने उघडी असलेल्या बाटलीतली दिली आणि वर सांगितलं की शेरी अशीच लागते. नाही हो लागत.

खरडछाटणी | १९ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

विरजण एकदम डोक्यात बसलं. उन्हाळलेलादादा, तिकडे द्राक्षं वाळवून पण शेरी करतात ना, काळी?

उन्हाळलेला | १९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

हो, पेद्रो हिमेनेझ. तोडलेले घड चटयांवर उन्हात पसरतात, मग सुरकुतलेले मणी दाबतात. रंग काकवीचा, चवही बरीचशी तीच. यातली पुष्कळशी द्राक्षं हेरेथऐवजी कोर्दोबाजवळच्या मोंतिया-मोरिलेसमधून येतात. व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून बघा.

खरडछाटणी | १९ नोव्हेंबर, दुपारी २:३०

म्हणजे तासगावचा बेदाणा उलटा. आमचे सांगलीकडचे पाहुणे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये रॅकवर सावलीत वाळवतात, कारण ऊन लागलं की बेदाणा काळा पडतो आणि भाव पडतो. तिकडे काळा पडला तर भाव वाढतो. देवा.

आणि खुंटाचं राहिलं. आमच्या भागातल्या बहुतेक बागा डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या, तो अमेरिकन. आम्ही केला पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारासाठी. युरोपने अमेरिकन खुंट घेतला तो फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांना लागणाऱ्या किड्यामुळे असं शिबिरात ऐकलं होतं. सगळ्या युरोपात एकही मूळ वेल उरली नाही का?

विदा_हवा | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

उरल्या, जिथे किड्याला मातीत शिरता आलं नाही तिथे. लिस्बनजवळ कोलारेसला समुद्राच्या वाळूत, रामिश्को नावाचं द्राक्ष. आणि ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर ज्वालामुखीच्या राखेत, आसीर्तिको. तिथे मांडवही नाही. वारा इतका की वेल जमिनीवरच टोपलीसारखी गोल विणतात आणि घड टोपलीच्या आत धरतात. पाऊस नावालाच, रात्रीच्या दवावर आणि समुद्राच्या धुक्यावर भागतं. वेल म्हातारी झाली की वरून कापतात, जुन्या मुळावर नवी फुटते. त्यामुळे मुळाचं वय नेमकं कोणालाच सांगता येत नाही.

मांडवीकाठ | २१ नोव्हेंबर, रात्री ८:३५

पणजीहून. तापलेल्या वाइनची वाट बघत होतो, कोणी लिहीना, म्हणून मीच.

मादेइरा. अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट, बंदर फुंशाल. लिस्बनहून गोव्याला निघालेली गलबतं या बाजूने जायची, वाइनची पिंपं चढवायची. दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, जहाजाच्या तळाशी उकाडा, वर हेलकावे. साधी वाइन वाटेतच नासायची म्हणून तिच्यात स्पिरिट घालू लागले. न खपलेली काही पिंपं परत फुंशालला पोचली. ती नासलेली असणार म्हणून उघडली तर वाइन आधीपेक्षा सरस. मग काय, मुद्दाम हिंडवून आणू लागले. ‘व्हिन्यो दा रोदा’ म्हणत तिला, फेरा मारून आलेली वाइन. भारतापर्यंत जाऊन आलेलीला भाव जास्त. आमच्या समुद्राने कोणाची तरी वाइन सुधारली याचा मला उगाचच अभिमान आहे.

पुढे जहाजाचा खर्च वाचवायला बेटावरच युक्ती काढली. स्वस्त वाइन तापवलेल्या टाक्यांत, ४५-५० अंशांवर, किमान तीन महिने. चांगली वाइन माळ्यावर, कौलांखाली पिंपात, वर्षानुवर्षं उन्हाळे सोसत. लोणच्याची बरणी गच्चीवर ठेवतो तसंच. कोरडीपासून गोडीकडे द्राक्षं अशी: सेर्सियल, व्हेर्देल्यो, बोआल, माल्व्हाझिया. जे व्हायचं ते वाईट आधीच होऊन गेलेलं असल्याने उघडी बाटली महिनोन्महिने तशीच राहते. शंकासुर, तुमच्यासाठी हीच.

एक तक्रार. पर्यटक गोव्यातून गोड लाल ‘पोर्ट वाइन’ नेतात आणि पोर्तुगीज वारसा म्हणून मिरवतात. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातली, त्या बागांची हद्द १७५६ मध्ये मार्किस द पोंबालच्या काळात आखली गेली. आंबणं चालू असतानाच स्पिरिट घालून थांबवतात, म्हणून गोडवा राहतो. इथली स्वस्त बाटली प्या हवी तर, आम्हीही लहानपणी नाताळात केकबरोबर घोटभर प्यायलोय, पण तिचा दोरूशी संबंध नावापुरताच.

बोआल बेबिंकाबरोबर घेऊन बघा. देव बरें करूं.

शंकासुर | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

दुबईहून मेव्हणा येतोय, मादेइरा सांगितली आहे. आवडली नाही तर धाग्याच्या नावाने शिमगा करीन.

मुरांबा | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:०४

शॅम्पेन कोणी कशी घेतली नाही? तीही आधी चूकच होती ना?

विदा_हवा | २२ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

होती. थंडीत आंबणं अर्धवट थांबायचं, वसंतात बाटलीत परत सुरू व्हायचं, बाटल्या फुटायच्या. दों पेरिन्यों हा साधू बुडबुडे काढून टाकण्याच्या खटपटीत होता, त्याच्या नावावर ते लावण्याची गंमत नंतरच्यांनी केली. पण ती गोष्ट सगळीकडे आहे, म्हणून दीडशहाणींनी टाळली असावी.

दीडशहाणी | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४४

हो, आणि मला शॅम्पेन फारशी आवडत नाही, हेही एक.

क्लाव्हलँ बाटली मी एक घरी आणली होती, ती काल उघडली. तळघरवाल्याने सांगितल्याप्रमाणे सकाळीच बूच काढून ठेवलं, फ्रिजमध्ये घातली नाही. सोबत काँते चीज, दीड वर्ष मुरलेलं, आणि अक्रोड. आई आली आहे साताऱ्याहून. ती घेत नाही. तिला फक्त वास दिला. तिने डोळे मिटून घेतला, परत घेतला आणि म्हणाली, “मेथी जरा जास्त भाजली गेलीय.”

शंकासुर | ३० डिसेंबर, रात्री ११:५५

मादेइरा आली. व्हेर्देल्यो. शिमगा रद्द. मेव्हण्याला दुसरी सांगितली आहे.

खरडछाटणी | ११ मार्च, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. वाइनरीने फेब्रुवारीत शेनिन नेली. मी त्यांना न विचारता शेवटच्या दोन ओळी ठेवल्या, म्हटलं उदात्त कूज येते का बघू. रोज सकाळी जाऊन बघायचो. बुरशी काही आली नाही, मार्चात इथे हवा भट्टीसारखी कोरडी. साळुंक्या आल्या. मग बुलबुल. मग गावातली पोरं. जाळी टाकेपर्यंत निम्मे घड गेले. जे राहिले ते वेलीवरच सुकले, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २२ वरून २८ वर गेलं. आईने ते तोडून खिरीत घातले. गोड झाली, पण बिया दाताखाली येतात.